३९ ला सांग, ४३ ला नको

कोल्हापुरात जुलै उजाडला की सकाळी डोळे उघडल्यावर आधी मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. दूध नंतर तापतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे दोन आकडे इथल्या तिसरीतल्या पोरालाही पाठ असतात. पंचगंगा ३९ ला टेकली की चिखली-आंबेवाडीकडची माणसं जनावरांच्या दाव्याकडं बघायला लागतात. तलाठ्यानं येऊन सांगायची वाट कुणी बघत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, आणि त्यानंतर तर हे दोन आकडे आमच्या अंगातच भिनलेत.

मी हे का सांगतेय, तर गेली तीन वर्षं आमच्या कारखान्यात हेच दोन आकडे शिवीसारखे आणि आशीर्वादासारखे, दोन्ही अर्थांनी वापरले जातात. “अरे ३९ ला का नाही सांगितलंस?” “साहेब, ३९ झालंय, बघा तेवढं.” नवीन लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी काही कळत नाही. कारखान्यात कुठं आलाय पूर?

मी फौंड्रीत आहे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात. २२ वर्षं झाली. आमच्या गावाला फौंड्री म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, उद्यमनगर ते शिरोली ते गोकुळ शिरगाव ते कागल, कुठंही उभं राहिलात तर कुणाचा तरी भाऊ नाहीतर मेहुणा भट्टीवर असतो. बाई मात्र क्वचित. मी मेटलर्जीचा डिप्लोमा करून क्वालिटीत लागले तेव्हा प्लांटमध्ये बायकांचं टॉयलेट नव्हतं. ते असो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आता मी प्लांट बघते. माझ्या हाताखाली सहा मॅनेजर आणि त्यांच्या हाताखाली तीन पाळ्यांत मिळून दोनशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी. कारखान्याचं नाव लिहीत नाही.

परवा एका ओळखीच्या उद्योजकानं फोन करून विचारलं, “तुमच्याकडं म्हणे मॅनेजर लोक स्वतःहून चूक सांगतात. कसं काय केलंत? आमच्या पोरांना जबाबदारीची जाणीवच नाही हो.” मी हसले, कारण चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलत होते. शब्दसुद्धा तेच. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात एका फोटोनं झाली. रात्री सव्वानऊला गिऱ्हाइकाच्या पुण्याच्या प्लांटमधून व्हॉट्सॲप आला. आमचं हाउसिंग, साधारण नऊ किलोचं कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, मशिनवर एक बाजू, म्हणजे फेस, तासून झालेली, आणि त्या चकचकीत फेसच्या एका कडेला रुपयाएवढा काळा डाग. फौंड्रीवाल्याला त्या काळ्या डागाचा अर्थ लगेच कळतो. टूल तिथं पोचलंच नाही. मशिनिंगला दोन मिलिमीटर माल ठेवलेला असतो, तो त्या बाजूला नव्हताच. खाली एकच ओळ: “मॅडम, असे बरेच आहेत.”

बरेच म्हणजे ४१२ निघाले. अकराशे तपासले त्यातले. पावणेचार टनांच्या आसपास माल परत आला. कास्टिंग परत वितळवता येतं, वीज आणि मजुरी परत वितळत नाही. गाडीभाडं दोन्ही बाजूंचं आमच्या बोडक्यावर.

कारण शोधायला दोन तास लागले, कारण ते फारच साधं होतं. वाळूचा साचा दोन पेट्यांत होतो, वरची आणि खालची. बंद करताना एका पेटीच्या पिना दुसऱ्या पेटीच्या बुशमध्ये, म्हणजे भोकातल्या कडीत, बसतात, म्हणून दोन अर्धी बरोबर समोरासमोर येतात. बुश झिजला की पेटी बसते, पण किंचित सरकून. मग कास्टिंगला मधोमध, पार्टिंग लाइनवर, पायरी येते. आठ जोड्यांपैकी तीन जोड्यांचे बुश इतके झिजले होते की पिन हातानं हलत होती. आणि ती पायरी आमच्या पुढच्या खात्यात दिसली का नाही? दिसली की. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या खात्यातल्या पोरांनी ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केली. त्यांचं कामच ते आहे. पायरी दिसली की घास. मालाबरोबर पुरावाही घासला गेला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी क्वालिटी हेड. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, पर्चेस, सगळे टेबलाभोवती. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हे कुणी केलं?” आणि दीड तास आम्ही तेच शोधत बसलो. प्रॉडक्शन म्हणालं, मेंटेनन्सला सांगितलं होतं. मेंटेनन्स म्हणालं, बुशची मागणी पर्चेसकडं दिली होती. पर्चेस म्हणालं, तीन कोटेशन आल्याशिवाय ऑर्डर निघत नाही आणि दोनच आली होती. सगळ्यांकडं मेल होते. प्रत्येकाचा मेल दाखवून झाला. एका बुशची किंमत त्या मीटिंगमध्ये प्यायलेल्या चहापेक्षा फार जास्त नव्हती.

शेवटी गिऱ्हाइकाला एट-डी रिपोर्ट पाठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तक्रार आली की आठ पायऱ्यांत उत्तर लिहून द्यावं लागतं, त्यातली चौथी पायरी म्हणजे मूळ कारण. तिथं मी लिहिलं, “पेटी बंद करताना ऑपरेटरचे दुर्लक्ष.” उपाय: “ऑपरेटरला समज व प्रशिक्षण दिले.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती फौंड्र्यांच्या किती रिपोर्टांत असेल देव जाणे, कॉपी-पेस्ट करायला तयारच असतं. गिऱ्हाइकाकडच्या इंजिनिअरनं, पोरगाच होता, माझ्या मुलापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, “ऑपरेटरला बुश बदलायचा अधिकार आहे का?”

मला राग आला. खरंच आला. तो राग घेऊनच मी संध्याकाळी मोल्डिंगवर गेले.

तिथं पेट्या बंद करणारे एक मामा आहेत, पन्नाशी ओलांडलेली, बोलायला कमी. त्यांना गेटबाहेरच्या टपरीवर चहाला नेलं. आत बोलणार नाहीत हे माहीत होतं. विचारलं, “मामा, पिन ढिली आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“पंधरा दिस झालं असतील.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

मामा बराच वेळ ग्लासाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “त्या पोराचं काय झालं बघितलं नव्हं आम्ही?”

कुठलं पोरगं, हे मला क्षणभर आठवलं नाही. तेच सगळ्यात वाईट.

सहा महिन्यांपूर्वी त्याच लाइनवर एका कंत्राटी पोरानं, विशी-बाविशीचा असेल, पेटी ‘खेळतीय’ म्हणून लाइन थांबवली होती. फिटर आला, हलवून बघितलं, “चालतंय” म्हणून गेला. चाळीस मिनिटं गेली, बावीस पेट्या कमी भरल्या. प्रॉडक्शन मॅनेजर त्या आठवड्यात रजेवर होते आणि प्लांटचा चार्ज माझ्याकडं होता. त्या पोराला मेमो निघाला: “विनाकारण उत्पादन थांबविल्याबद्दल.” खाली सही माझी. मी तो मेमो वाचलासुद्धा नव्हता, एचआरनं पुढं ठेवलेल्या गठ्ठ्यात सह्या करत गेले होते. महिनाभरात पोरगं काम सोडून गेलं.

म्हणजे ‘हे कुणी केलं’ याचं उत्तर मीटिंगमध्ये टेबलाच्या टोकाला बसून तोच प्रश्न विचारत होतं.

त्यानंतर बरेच दिवस मी ‘जबाबदारी’ या शब्दाचा विचार करत होते. शब्दात ‘जबाब’ आहे. जबाब म्हणजे उत्तर. पण आपल्याकडं जबाब कुठं देतात? पोलीस ठाण्यात. जबाब नोंदवतात, जबाब फिरवतात. कारखान्यात मेमो, त्यावर खुलासा, मग कारणे दाखवा. ‘खुलासा’ हा किती चांगला शब्द, मन मोकळं करणारा, त्याची आपण काय दशा केली बघा. ‘खुलासा द्या’ म्हटलं की माणसाचं पोट आवळतं. असल्या ठिकाणी पोरांना जबाबदारीची जाणीव नाही म्हणणं चूक आहे. जाणीव पक्की असते, आणि म्हणूनच ती गप्प बसतात.

दुसरी एक गोष्ट मला मीटिंगच्या मिनिट्स वाचताना लक्षात आली. आपल्या भाषेत निसटायच्या वाटा फार सुंदर आहेत. ‘बुश बदलायचा राहून गेला.’ कोण राहून गेला? बुश. बिचारा स्वतःच राहून गेला, गाडी चुकल्यासारखा. ‘ऑर्डर निघायची आहे.’ ऑर्डर चप्पल घालतीय, निघेलच आता. ‘होऊन जाईल.’ ‘करून टाकू या.’ या ‘या’मध्ये कोण कोण आहे, हे विचारायचं नाही. आमच्याकडं तर ‘बघतो की’ हा नकार आहे आणि ‘बघूया की’ हा कायमचा नकार. आणि मॅनेजर लोकांचं सगळ्यात लाडकं: ‘सांगितलंय त्याला.’ सांगितलं की संपलं. माझ्या एका वर्षाच्या मिनिट्समध्ये ‘सांगितले आहे’ हे शब्द मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. त्यातली निम्मी वाक्यं माझीच होती.

तर पहिला बदल केला तो एवढाच. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पाळी सुरू झाल्यावर, मोल्डिंग लाइनच्या शेजारी एक पांढरा फळा. ऑफिसात नाही, खाली. उभ्यानं, दहा मिनिटं. फळ्यावर चार रकाने: काय, कुणाकडं, कधी, कळवलं का. ‘कुणाकडं’मध्ये एकच नाव. ‘मेंटेनन्स’ नाही, ‘प्रॉडक्शन + पर्चेस’ नाही, एका माणसाचं नाव. ‘कधी’मध्ये तारीख, ‘लवकरच’ नाही. आणि तारीख चुकली तर डस्टर लावायचा नाही. जुनी खोडायची आणि शेजारी नवी लिहायची. सगळ्या तारखा दिसल्या पाहिजेत.

सगळ्यात वरची ओळ माझी. ही अक्कल मला आपोआप सुचली नाही. पहिल्या आठवड्यात फळ्यावर फक्त सुपरवायझर आणि फिटर यांची नावं होती, आणि ते सगळे शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखे उभे होते. पाचव्या दिवशी भट्टीवरचे एक जुने मेल्टर सहज म्हणाले, “मॅडम, ह्यात साहेब लोकांच्या तारखा कुठं हायत?” मी तिथल्या तिथं मार्कर घेतला. वर लिहिलं: ‘बुशची खरेदी, कोटेशनशिवाय.’ पुढं माझं नाव, पुढं शनिवारची तारीख.

शनिवारी ते झालं नव्हतं. सोमवारी दोनशे माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर माझी तारीख खोडलेली होती. इतकी लाज मला दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर वाटली नव्हती. दुपारी मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि पाच हजारांपर्यंतची सुटी खरेदी पाळीच्या सुपरवायझरनं कुणाला न विचारता करायची, बिल नंतर दाखवायचं, याची मंजुरी घेऊनच उठले. ही मंजुरी मी त्याआधी दोन वर्षं ‘मागत’ होते, म्हणजे मेल करत होते.

मला विचाराल तर आमच्याकडं जे काही बदललं त्यात या पाच हजारांचा वाटा फळ्यापेक्षा मोठा आहे. ज्याच्या खिशात पाना नाही त्याला नट ढिला का म्हणून विचारण्यात काही अर्थ नसतो. त्या पुण्याच्या पोरानं लाल रेघेशेजारी तेच तर विचारलं होतं.

यानंतर बोनसचं लक्षात आलं. पाळीचा बोनस टनेजवर होता, म्हणजे किती धातू ओतला यावर. चांगलं कास्टिंग किती निघालं यावर नाही. मग पिन ढिली आहे म्हणून थांबणारा माणूस स्वतःचं, आणि शेजारच्या सात जणांचं, नुकसान करत होता. आम्ही त्याला थांबायचे पैसे कापत होतो आणि वर ‘ओनरशिप घ्या’ म्हणून कॅन्टीनमध्ये पोस्टर लावलं होतं. बोनस फेटलिंगनंतरच्या ओके मालावर नेला. त्याची कटकट मोठी झाली, कारण कास्टिंग थंड होऊन, शॉट ब्लास्ट होऊन, घासून तपासून यायला दोन दिवस जातात, त्यामुळं आजचा हिशोब आज कळत नाही. “मॅडम, दोन दिवसांनी कळणाऱ्या पैशाला काय अर्थ?” असं भांडण दोन महिने चाललं. अजूनही अधूनमधून निघतं. त्यांचं अगदीच चूक नाही.

३९ आणि ४३ आले ते यानंतर. पावसाळ्याचे दिवस होते. कोअर शॉपच्या, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करणाऱ्या खात्याच्या, सुपरवायझरनं एका सकाळी सांगितलं की रेझिन, म्हणजे ती वाळू धरून ठेवणारं रसायन, संपलं, कोअर बंद. मी विचारलं, संपेपर्यंत काय करत होता? तो म्हणाला, “मॅडम, किती उरल्यावर सांगायचं ते ठरलं नव्हतं.” मागून कुणीतरी पुटपुटलं, “बंधाऱ्यासारखं रेघ मारा की.” लोक हसले. मी नाही हसले. त्याच आठवड्यात आम्ही प्रत्येक खात्याला बसवून दोन-दोन रेघा ठरवल्या. रेझिनचे ड्रम किती उरले की इशारा, किती उरले की धोका. पाळीचं रिजेक्शन किती टक्क्यांना इशारा. पिन-बुशमधला खेळ फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, किती आला की इशारा. इशाऱ्याला कुणाला सांगायचं, त्यानं किती वेळात यायचं, तो आला नाही तर वर कुणाला. आणि एक कलम माझ्या हट्टानं: इशाऱ्यावर सांगणाऱ्याला त्या दिवशी एकही प्रश्न ‘का’नं सुरू होणारा विचारायचा नाही. ‘काय दिसलं’, ‘कधीपासून’, ‘काय पाहिजे’ एवढंच. ‘का’ दुसऱ्या दिवशी, बसून.

हे काही आम्ही लावलेले शोध नव्हेत. टोयोटाच्या लाइनवरची दोरी सगळ्यांना माहीत असते, कामगारानं ओढली की लाइन थांबते म्हणून. आमच्याकडंही एका सल्लागारानं सांगितल्यावर हूटर आणि लाल दिवा बसवला होता, त्यावर इंचभर वाळू साचली होती. पण टोयोटाची दोरी ओढल्या ओढल्या लाइन थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, लाइन ठरलेल्या खुणेपर्यंत चालत राहते, तोवर प्रश्न सुटला तर ती थांबतच नाही. खरी गोष्ट धावत येणाऱ्या माणसाची आहे. आम्ही हूटर विकत घेतला, धावणारा माणूस घेतला नाही. आमच्याकडं हूटर वाजला की जो धावत यायचा तो ओरडायला यायचा.

माझ्या सासऱ्यांना मी हे एकदा जेवताना सांगत होते. त्यांनी माउलींच्या पालखीबरोबर पुष्कळ वर्षं वारी केली आहे. ते म्हणाले, त्यात काय नवीन सांगतीस? समाजआरतीला हेच असतं. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंच करतो, आणि एका क्षणात सगळं शांत. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. त्या आवाजाकडं चोपदार जातो, ऐकून घेतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी सांगतात, आणि मग आरती. सासरे म्हणाले, “टाळ वाजवला म्हणून कुणी त्या दिंडीला शिस्त मोडली म्हणत नाही. तीच शिस्त आहे.”

मी घास हातात धरून बसले होते. त्या दिवसानंतर सात दहाच्या मीटिंगमध्ये शेवटचा मिनिट मी गप्प राहायला लागले. मुद्दाम. मिनिटभर गप्प राहणं मॅनेजर माणसाला किती जड जातं, करून बघा. पहिले आठ-दहा दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकदा फेटलिंगचं एक पोरगं म्हणालं, “ते पायरी येतीय मॅडम. थोडी. घासू का सांगू?” घासू का सांगू! मी त्याला जागच्या जागी मिठी मारायची बाकी ठेवली.

आता मालकांची गोष्ट, ही प्लांटमध्ये दंतकथा झाली आहे. रेझिनच्या पुरवठादाराचं बिल थकलं होतं, तो पुढचा माल देईना. फळ्यावर ओळ चढली: ‘रेझिनचं पेमेंट’, नाव मालकांचं. लिहिताना अकाउंट्सच्या माणसाचा हात थरथरत होता. तारीख खोडली गेली, दुसरी पडली, तिसरी पडली. चौथ्या दिवशी मालक स्वतः सात दहाला खाली आले. हे याआधी दसऱ्याच्या पूजेशिवाय घडलेलं नाही. फळ्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “हे माझ्याकडून राहिलं.”

शांतता. आणि त्या शांततेत टपरीवरचे तेच मामा, कमी बोलणारे, म्हणाले, “साहेब, राहिलं न्हाई. तुम्ही ठेवलंसा.”

माझ्या पोटात गोळा आला. मालक दोन क्षण त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे. ठेवलं. मुलीच्या ॲडमिशनला पैसे फिरवले. शुक्रवारपर्यंत देतो.” शुक्रवारी दिले. त्या एका ‘ठेवलं’नं जे केलं ते माझ्या शंभर मीटिंगांनी झालं नसतं. त्यानंतर मेंटेनन्सच्या मॅनेजरांनी, जे चार वर्षांत कधी चुकले नव्हते, पहिल्यांदा फळ्यासमोर “मी विसरलो” असं पूर्ण कर्ता-क्रियापदासकट वाक्य म्हटलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्या दोन महिन्यांत रिजेक्शन पाच टक्क्यांवरून सातवर गेलं, कारण जे आधी घासून झाकलं जायचं ते आता फळ्यावर यायला लागलं. तो महिना मालकांना समजावण्यात गेला. मग ३९ चा पाऊस सुरू झाला. पंखा आवाज करतोय, ३९. चहा गार येतोय, ३९. एका आठवड्यात एकतीस नोंदी. त्यात खरी ढिली पिन कुठं दडली असती कोण जाणे. एका सुपरवायझरनं फळ्याची चावडी केली, रोज दुसऱ्या खात्याची नावं चढवायची आणि स्वतः हाताची घडी घालून उभं राहायचं. रात्रपाळीला तर फळाच पोचला नव्हता. सात दहाची मीटिंग करून मी खूश, आणि रात्री बाराला काय चालतं याचा पत्ता नाही. तीन आठवडे रात्री अकराला जाऊन बसले तेव्हा तिकडं सुरू झालं. घरी जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

आणि एक गोष्ट अवघड होती. माझ्या हाताखाली तयार झालेल्या, मला फार जवळच्या एका पोरानं पिन-बुशच्या तपासणीचा कागद न तपासता भरला. आठवडाभराचा, एका बैठकीत, एकाच पेननं. सगळ्या खान्यांत ‘ओके’. त्याला वाटलं मॅडम सांभाळून घेतील, कारण मीच तर सारखी सांगत होते की चुकीला शिक्षा नाही. त्याला तीन दिवस सस्पेंड केलं. मेमोवर सही केली, या वेळी वाचून, दोनदा वाचून. चुकलं ते आपण वाटून घेतो, पण खोटं लिहिलं की आपण फळ्यावर लिहिलेल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवू शकत नाही, हे त्याला समोर बसवून सांगितलं. तो माझ्याशी दोन महिने कामापुरतं बोलत होता. मला ते लागलं.

आज रिजेक्शन चारच्या आसपास आहे. ४ म्हणजे काही आभाळाला हात टेकले नाहीत, फौंड्रीवाले वाचत असतील तर त्यांना कळेल.

मेमो मिळालेल्या त्या पोराचा नंबर कंत्राटदाराकडून मिळवायला मला वर्ष लागलं. म्हणजे ‘लागलं’ नाही, मी लावलं. रोज उद्यावर टाकत होते. तो आता कागलकडं दुसऱ्या एका फौंड्रीत आहे, परमनंट झाला आहे. फोनवर मी म्हटलं, “तो मेमो चुकीचा होता. तू बरोबर होतास. सही माझी होती.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मॅडम, त्यो कागद अजून घरात हाय. आईनं गॅसच्या पुस्तकात ठेवलाय. तिला वाटलं कंपनीचा कागद हाय, लागंल कधीतरी.” मी नवीन पत्र लिहून कंपनीच्या शिक्क्यासह त्याच्या पत्त्यावर पाठवलं. जुना मागे घेतला आहे म्हणून. ते पोचलं का, आणि पोचलं तर कुठल्या पुस्तकात गेलं, ते मी विचारलेलं नाही.

हे लिहायला बसले ते परवाच्या फोनमुळं, पण पूर्ण करतेय ते आज सकाळी जे झालं त्यामुळं. फळ्यावर माझी वरची ओळ आहे: ‘रात्रपाळीच्या बायकांसाठी गाडी.’ कोअर शॉपमध्ये आता अकरा जणी आहेत. तारीख दोनदा खोडलेली. आज तिसरी होती. सात दहाला मी इतर ओळी भराभर वाचत खाली आले, मिनिटभर गप्प राहिले, आणि मार्करला टोपण लावायला लागले, तेवढ्यात कोअर शॉपची एक मुलगी, लागून महिनाही झाला नसेल, म्हणाली, “मॅडम, वरची ओळ वाचायची राहिली.”

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मी टोपण काढलं.